राष्ट्रगीत आणि कैकाडी : ‘फँड्री’तील शाळा

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाची चर्चा मुख्यतः जातीच्या अंगाने झाली, आणि ते रास्तच आहे. पण हा चित्रपट शीर्षकापासूनच भाषेचाही प्रश्न विचारतो. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर, शब्द कैकाडी. मराठी चित्रपटाच्या नावाचा अर्थ बहुतेक मराठी प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला, इतकी ही शेजारची बोली दूर राहिलेली आहे.

कैकाडी द्राविडी कुळातली. जब्याचे घर या बोलीचे, शाळा मराठीची. वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो. वरच्या रंगाला भुलू नये, ही शिकवण पाठ्यपुस्तकात आहे आणि जिला तिची गरज आहे ती व्यवस्था वर्गाबाहेर तशीच उभी आहे. अभंग आणि समोर बसलेला मुलगा यांची गाठ शाळा घालून देत नाही.

शेवटाकडे डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. राष्ट्रगीताची भाषा संस्कृतप्रचुर बंगाली. ती ना जब्याच्या घरची, ना त्याच्या गावची. तरी शाळेने तिचा मान त्याच्या अंगी बाणवला आहे. त्या गीतात ‘द्राविड’ प्रदेशाचे नाव आदराने येते; द्राविडी कुळातली त्याची बोली मात्र शाळेत कुठेच नाही. म्हणजे घराबाहेरची भाषा मुलाला आपलीशी करून देणे शाळेला जमते. कोणत्या भाषेला मान द्यायचा, हे मात्र आधीच ठरलेले असते.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासननिर्णय तीव्र विरोधानंतर २९ जून रोजी रद्द झाले. लहान मुलाचा पाया मातृभाषेत घालावा, हा विरोधकांचा मुद्दा बरोबरच होता. परंतु तोच मुद्दा कैकाडी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांनाही लागू होतो. भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेतील ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगत आले आहे.

‘फँड्री’ शिक्षणाचा आराखडा मांडत नाही. ते त्याचे कामही नव्हे. पण शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. मातृभाषेसाठी भांडणाऱ्या मराठी माणसाने तो केवळ गावातल्या टवाळखोरांसाठी आहे, असे समजू नये.