बीजरंग : एक गुण की दोन?

मेंडेलचे १८६६ मधील बीजरंगविषयक निष्कर्ष तुरीस सरसकट लावण्याची पद्धती सदोष आहे. वाटाण्यातील पिवळ्या-हिरव्या दाण्यांचे ६०२२ : २००१ हे प्रमाण दलिकांचे होय. दलिका गर्भाचा भाग असल्याने तो भेद संकरज झाडाच्या शेंगेतच दिसतो. वऱ्हाडातील लाल व पांढरी तूर मात्र टरफलावरून ओळखली जाते, आणि टरफल मातृवनस्पतीचे असते. त्यामुळे संकरज झाडावरील सर्व दाणे एकाच वर्णाचे येतात. विभाजन पुढील पिढीच्या झाडांवर प्रकटते. टरफलाचे ७०५ : २२४ हे प्रमाण खुद्द मेंडेलनेही झाडे मोजूनच काढले. हा विवेक न राखल्यास अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील अभ्यासकही भेद नाही असे समजून उपयुक्त संकर अकाली त्यागील.