‘नातीगोती’ : आईबापांच्या रागाचे नाटक

जयवंत दळवी (1925–1994) ह्यांचे ‘नातीगोती’ हे नाटक आम्ही अलीकडे पुन्हा वाचले, आणि ज्यांच्या घरी विशेष मूल आहे अशा आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी ते वाचावे असे मनापासून वाटले. नोकरी करणारे काटदरे दांपत्य आणि वयात आलेला त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू, असा हा संसार. (‘मतिमंद’ हा त्या काळचा शब्द, 2016 च्या कायद्यात तो राहिलेला नाही.) रंगभूमीवर दिलीप प्रभावळकर बाप झाले होते आणि अतुल परचुरे बच्चू.

दळवींचे मोठेपण असे की, त्यांनी ह्या आईबापांना संत केले नाही. ते थकतात, चिडतात, हताश होतात. माया आटली म्हणून नव्हे. ती आटत नाही म्हणूनच. ‘संध्याछाया’तील नाना-नानींशेजारी काटदऱ्यांना उभे केले की हे अधिक उमगते. तेथे मुले दुरावली म्हणून घर रिते. येथे मूल कधीच दूर जाणार नाही, म्हणून घरात श्वास घ्यायला जागा नाही.

आमच्या राजूरसारख्या कोळसाखाणीच्या वस्तीत बापाची रातपाळी असते आणि उरलेले सारे आईच्या वाट्याला येते. अशा घरी शेजारीण म्हणते, ‘बाई, देवाने तुलाच निवडले.’ हेतू चांगलाच. पण त्या वाक्यानंतर आईला रडता येते, रागावता येत नाही. कुणी ‘कुणाचे पाप भोवले?’ असेही पुटपुटते. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारले होते आणि प्रभूने आईबापांवरचा ठपका साफ नाकारला होता. स्तोत्रकर्ता तर देवालाच जाब विचारतो. मग थकलेल्या आईने एखादे भांडे आपटले तर तिची श्रद्धा उणी कशी?

नाटकाची एक बाजू मात्र आम्हांस उणी वाटते. घर बच्चूकडे पाहते. बच्चूला ते घर कसे दिसत असेल, ह्याचा शोध फारसा घेतलेला नाही. तरी ‘आपल्या पश्चात ह्याचे काय?’ ही अशा आईबापांची धास्ती नाटकभर जाणवते. नंतर आलेल्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आमच्याकडील कुटुंबांनी त्यासाठी यवतमाळला जरूर चौकशी करावी. पण रात्री दोन वाजता उठून बसलेल्या मुलाजवळ कोण बसणार, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.