चोच आधी, पंख नंतर

पाणविंचवाला नांगी नसते. मागची लांब नळी श्वासासाठी असते. तिचे टोक पाण्याबाहेर काढून तो उथळ पाण्यात दबा धरतो, आणि चावतो तो चोचीने. अशी फसगत लोकांनी दिलेल्या नावांपुरतीच असते, असे मी बरीच वर्षे मानत होतो. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील डब्ल्यू. एल. डिस्टंट यांचे ‘ऱ्हिंकोटा’चे सात खंड (१९०२ ते १९१८) वाचताना ते मत टिकले नाही.

‘ऱ्हिंकोटा’ हे नाव चोचीवरून आले आहे. लिनियसने १७५८ साली या गटाला पंखांवरून ‘हेमिप्टेरा’, म्हणजे अर्धपंखी म्हटले होते. ढेकणांच्या या भाईबंदांचा पुढचा पंख बुडाशी चामड्यासारखा आणि टोकाला पापुद्र्यासारखा असतो, म्हणून. त्याचाच शिष्य फाब्रिशियस याने १७७५ मध्ये मुखांगांना प्रमाण मानले. डिस्टंट यांनी शीर्षक निवडताना शिष्याची बाजू घेतली. आत मात्र त्यांचे वर्णन बहुतेकदा रंगाने सुरू होते, मिलिमीटरमधल्या लांबीवर संपते, आणि मग स्थळे व नमुने गोळा करणाऱ्यांची नावे येतात. किडा जगतो कसा, हे क्वचितच. समोर टाचणीला टोचलेले वाळके नमुने असले, तर दुसरे काय होणार? त्या स्थळांच्या याद्यांचे ऋण मी मानतो. त्यांच्यावाचून माझ्यासारख्याला सुरुवातच करता आली नसती. पण रंगाला दिलेला तो पहिला मान मला महागात पडला.

आमच्या गावतळ्यातले किडे मी तीन वर्षे स्पिरिटच्या बाटल्यांत साठवले. रंग उतरले. नावेसारखे अंग आणि वल्ह्यासारखे मागचे पाय दिसले की मी ‘नोटोनेक्टा’च्या कुळात नोंद करून मोकळा होई. ती यादी एका स्मरणिकेत माझ्या नावाने छापूनही आली. पुढे भिंगाखाली चोच पाहिली. नोटोनेक्टाच्या कुळाची चोच अणकुचीदार, सांधे स्पष्ट. माझ्या कित्येक बाटल्यांत मात्र बोथट, तिकोनी, आखूड तोंड, आणि पुढच्या पायांची टोके केसाळ पळीसारखी. हे ‘कोरिक्सा’चे कूळ. जिवंतपणी घोटाळा झालाच नसता: कोरिक्सा पालथा पोहतो, नोटोनेक्टा उताणा. बाटलीत दोघेही आडवे. (उताणे पोहण्यावरही फार विसंबू नये, ‘प्लीइडी’ कुळातले मसुराच्या डाळीएवढे किडेही तसेच पोहतात.)

म्हणून ओळखपत्रिका लिहिणाऱ्यांशी माझे भांडण क्रमाचे आहे. आपल्याकडची पुस्तकेही पंखांपासून सुरू होतात. पाणभुंगेऱ्याचे कठीण पंख पाठीवर सरळ रेषेत मिळतात, ढेकणवर्गातल्यांचे एकमेकांवर चढतात, हे खरेच. पण पिल्लांना पुरे पंख कुठे असतात? तळ्यात जाळी घातली की हाती बरीच पिल्लेच लागतात. ढेकणवर्गात कोषावस्था नसते, चोच अंड्यातून बाहेर पडल्यापासून असते. पहिला प्रश्न तिचाच हवा.

स्मरणिकेकडे दुरुस्ती पाठवली. पुढच्या अंकात जुनीच यादी पुन्हा छापली गेली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदलल्या आहेत. खोडलेले नाव वाचता येईल, अशा बेताने.