विटाळाचं इंद्रिय

पाच इंद्रियांपलीकडच्या गोष्टी लिहिणं ही पोटभरल्यांची चैन, असं एक वाक्य आपल्या बैठकांत फेकलं जातं आणि टाळ्या पडतात. मला ते मान्य नाही. कल्पना पोटभरल्यांच्या नावावर कुणी करून दिली?

वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात उडतं. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला नाही. हे शास्त्र आहे, चमत्कार नव्हे. आमच्या लूमखात्यात तर कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. माणसं ओठांवरनं बोलणं ओळखतात अन् जुना कामगार साच्यावर हात ठेवून काय बिघडलंय ते सांगतो. म्हणजे इंद्रियं देवानं मोजून दिलेली नाहीत, कामही ती घडवतं. लेखकानं तिथून पुढं जायचं. पण कुणाच्या बाजूनं?

एच. जी. वेल्सची १९०४ ची कथा आहे, ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’. डोंगरात तुटून पडलेलं एक खोरं, पिढ्यान्‌पिढ्या सगळे आंधळे. तिथं एक डोळस माणूस येऊन पडतो आणि त्याच्या डोक्यात येतं, आता आपणच इथले राजे. साला, एक इंद्रिय जास्त निघालं की लगेच राज्य पाहिजे! पण वेल्स हुशार. तिथला वैद्य ठरवतो की याच्या तोंडावरच्या त्या फडफडणाऱ्या दोन गोष्टींनीच याचं डोकं बिघडलंय, काढून टाका. बहुसंख्यांना जाणवत नाही तो रोग. कथा जोरकस आहे, पण शेवटपर्यंत ती त्या राजा होऊ पाहणाऱ्याच्याच डोळ्यांनी बघते.

ऑक्टेव्हिया बटलर ही काळी लेखिका १९४७ साली कॅलिफोर्नियात जन्मली, २००६ साली गेली. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण, मागच्या दारानं आत जाणारी. बटलरनं स्वतः भांडी घासली, बटाट्याचे वेफर्स तपासायची नोकरी केली आणि पहाटे दोनला उठून लिहिलं. तिची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) ही कादंबरी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली.

तिच्यातली लॉरेन समोरच्याचं दुखणं नुसतं पाहते आणि ते तिच्या अंगात दुखतं. आईच्या औषधांच्या नशेमुळं हे जन्मापासूनचं. डॉक्टरी भाषेत तो भ्रम. पण दुखतं ते दुखतंच. लहानपणी दुसऱ्याचं रक्त पाहून हिच्या कातडीतून रक्त यायचं. सावत्र भावानं एकदा लाल शाई लावून मुद्दाम तिला तसं रक्त काढायला लावलं. हे जादा इंद्रिय तिला कुठलं राज्य देत नाही. बाप सांगतो, कुणाला कळू देऊ नको, आणि ती लपवते. खोली भाड्यानं घेताना आडनाव गिळणाऱ्याला हे लपवणं समजावून सांगायला नको. पुढं रस्त्यावर जीव वाचवायला तिला गोळी झाडावी लागते, तेव्हा समोरच्याबरोबर तीही कोसळते. दुसऱ्याची वेदना कळणं म्हणजे काय, याच्यावर आपल्याकडचे समीक्षक सहानुभूती-स्वानुभूती करत पानं भरतात. इथं ती पोर जमिनीवर पडलीय.

बटलरशी माझं एक भांडण आहे. ‘डॉन’ (१९८७) मध्ये परग्रहावरून आलेले ओआन्काली स्पर्शानं माणसाची गुणसूत्रं वाचतात. निदान काय, तर माणूस बुद्धिमान आहे आणि उतरंड लावणारा आहे, आणि हे त्याच्या पेशींतच आहे. बाई, इथं मी तुमच्याबरोबर नाही. उतरंड पेशीत असेल तर जात मोडणार कशी? बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जात ही मनातली धारणा आहे.

पुरावा पाहा. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, मागोमाग हजारो लोक प्याले. पाण्याचा रंग तोच, वास तोच, चव तीच. तरी सनातन्यांनी नंतर शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. बाटलंय हे त्यांना कोणत्या इंद्रियानं कळलं? डोळ्याला दिसत नाही, नाकाला येत नाही, जिभेला लागत नाही. पेशवाईत तर रस्त्यावर पडलेली सावलीसुद्धा यांच्या अंगाला लागायची! म्हणजे जादा इंद्रियाची सगळ्यात लांबलचक कल्पित कथा आपल्याच देशात रचली गेली, आणि तिच्या आधारानं पाणवठे वाटले गेले. कल्पनेचं साहित्य आपलं नाही म्हणणाऱ्यांनी जरा सांगावं, मग आपण पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या कल्पनेत राहत आलो?

तर कथा लिहिणाऱ्या दोस्तांनो, एक माणूस घ्या. सनातनी घरातला, आणि विटाळ ओळखणारं ते इंद्रिय ज्याला खरोखरच फुटलंय असा. तो महाडला तळ्याकाठी उभा आहे, लोक पाणी पिताहेत, आणि त्याच्या कातडीला काही म्हणजे काही जाणवत नाही. मग घरी जाऊन तो काय सांगेल? आणि घरचे त्याच्या त्या कातडीचं काय करतील? पुढच्या अंकासाठी पाठवा. स्टेन्सिल मी कापतो, सुट्टीच्या दिवशी मोकळाच असतो.