उन्हाची पारख

मे महिना अर्धा सरला की कळव्याच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्या वाढू लागतात. १ जूनला किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते आणि पुढे निदान दोन महिने बंदच राहते. मग खारेगाव, विटावा, पारसिकचा पायथा अशा खाडीच्या या काठावरची आगरी-कोळी घरं त्याआधीच आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला निघतात. ताज्या मासळीची पारख पुष्कळांना असते. डोळा चकचकीत, कल्ला लाल, अंग घट्ट, एवढं पाहिलं की भागतं. सुक्या मासळीत यातलं फारसं काही उरलेलं नसतं. इथे पाहायचं ते सुकवणाऱ्याचं काम. कुठल्या माशातलं पाणी किती काढलं, कशाने काढलं आणि नेमकं कुठे थांबलं, हे प्रत्येक माशाच्या अंगावर दिसतं. प्रत्येकाचं गणित निराळं असतं. ज्याला ते उलगडलं त्याच्यासाठी टोपल्यांची ही ओळ एखाद्या नामांकित खाद्यदालनाइतकी श्रीमंत होते.

सुरुवात मांडणीपासून करावी. जवळा आणि सुकट पुढे, उघड्या पाट्यांत, शिगोशीग भरलेली. त्यांच्या मागे बोंबील, टोकं एका बाजूला करून रचलेले. बाजूला वाकट्या, मांदेली, ढोमी. जाड, खारवलेल्या माशांचे तुकडे गोणपाटावर वेगळे, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि शेजारच्या कोरड्या मासळीला तो लागता कामा नये. सोडे मात्र बहुधा डब्यात किंवा गाठ मारलेल्या पिशवीत, विकणारीच्या गुडघ्याशी. किमतीचा माल हाताजवळ, खपाचा माल गिऱ्हाइकाजवळ, ओलं आणि कोरडं एकमेकांपासून दूर. दोन हात जागेत बसवलेली ही व्यवस्था कुणी आखून दिलेली नाही, आणि तरी तिच्यात एक टोपली इकडची तिकडे करावी असं वाटत नाही.

आता बोंबील. हा मूळचा विलक्षण पाणीदार मासा. त्याच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी, इतकं की ताजा बोंबील तळहातावर धड उभा धरता येत नाही. अशा माशाला मिठाचा कणही न लावता, निव्वळ ऊन-वाऱ्यावर काडीसारखा कोरडा करायचा, हे मोठं धाडस आहे. सातपाटी, अर्नाळा, उत्तन, मढ अशा कोळीवाड्यांत त्यासाठी बांबू रोवून, त्यांवर दोर ताणून वलांड्या उभारतात. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बोंबलाचे मागे वळलेले बारीक दात इथे कामी येतात. सुतळी नको, गाठ नको, माशानेच माशाला धरायचं. टोपलीतला बोंबील हातात घ्या आणि आधी तोंड पाहा. जबडा उघडा आणि शाबूत असेल, अंग सरळ असेल, तर तो दोरावर वाळलेला आहे. जमिनीवर पसरून वाळवलेला मासा वाकडा होतो आणि त्याला वाळू लागते. दोरावरच्या बोंबलाला वाळूचा स्पर्शच होत नाही. एका आकड्याने, तोही माशाच्या स्वतःच्याच दातांचा, एवढी स्वच्छता साधावी, यापेक्षा सुबक युक्ती मला स्वयंपाकाच्या साऱ्या व्यवहारात माहीत नाही.

हीच युक्ती, उलट्या टोकाने, जगाच्या उत्तरेला भेटते. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा असाच मीठ न लावता, शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. १४३१-३२च्या हिवाळ्यात पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज बुडालं, तो त्या बेटांवर लागला आणि परतताना हा सुका मासा घेऊन आला. आज त्या माशाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली आहे, आणि इटालियन दुकानांत त्याला मानाची जागा असते. फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. तिथे थंडी मासा नासू देत नाही, म्हणून सुकवणाऱ्याला फेब्रुवारीपासून मेपर्यंत सवड असते. आपल्याकडे ज्या उन्हाने मासा सुकतो त्याच उन्हात तो नासूही शकतो. कोळणीला ही शर्यत मोजक्या दिवसांत जिंकावी लागते. ती जिंकल्याची खूण रंगात असते. चांगला बोंबील फिकट हस्तिदंती, कडेला जरासा पारदर्शक. तांबूस-तपकिरी झाक आली की माल जुना, आणि झटकल्यावर भुगा पडला की कीड लागलेला. वाकवून पाहावा. आधी थोडा लवतो, मग कट्कन मोडतो. ते लवणं आणि ते मोडणं यांच्यामधल्या क्षणात सुकवणारीने आपला बोंबील नेमका कुठे थांबवला ते कळतं.

जवळ्याकडे वळलं की नजर बारीक करावी लागते. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची ही कोळंबीच्या गोतातली जात, वाळल्यावर आणखी आक्रसलेली. मलेशियात याच कुळीच्या कोळंबीला मीठ लावून, आंबवून बेलाकान करतात. आपण ती सुटी, कुरकुरीत ठेवली. जवळा टांगता येत नाही. तो पसरावाच लागतो, खळ्यावर किंवा चटईवर. म्हणून त्याची सगळी परीक्षा वाळूशी. मूठभर घेऊन तळहातावर हलकेच चोळा आणि फुंकर मारा. तळव्यावर काय उरतं ते पाहा. उत्तम जवळ्यात उरतात ते फक्त गुलाबी-पांढरे कण आणि त्यांतले टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ते त्याचे डोळे. डोळे जागेवर असतील तर जवळा ताजा असतानाच उन्हात पडला, आणि उन्हात पडल्यावर फार हाताळला गेला नाही. पाट्यांच्या मागे बसून सुपात जवळा पाखडणारी बाई त्यातले चिंबोरीचे पाय, शिंपल्यांच्या कपच्या, भलतीच मासळी नुसत्या मनगटाच्या झटक्याने बाजूला काढते आणि डोळे मात्र शाबूत ठेवते. इतक्या नाजूक मालावर इतका मोकळा हात चालताना पाहणं हाही खरेदीचाच भाग.

मांदेली दिसायला साधी, पण तिचं घराणं मोठं. इटालियन दुकानात मिठात मुरवून बरणीत ठेवलेले अँकोव्ही मिळतात. मांदेली त्याच कुळातली. तिकडे मासा महिनोन् महिने मिठाखाली दाबून ठेवतात. तो स्वतःच्याच रसात मुरतो, तांबूस, मऊ आणि तिखटसर होतो. इकडे तोच गोत्रज दोन दिवसांत उन्हात कडक होतो आणि आपला सोनेरी रंग राखतो. चांगल्या सुक्या मांदेलीच्या पोटाकडे पाहावं. तिथली सोनेरी-रुपेरी कड अखंड असेल आणि पोट फुटलेलं नसेल, तर जाळ्यातून उन्हापर्यंतच्या वाटेत वेळ गेलेला नाही. तव्यावर तेलाचे दोन थेंब टाकून परतली की ती काट्यासकट खाता येते आणि जिभेवर शेवटी येतो तो किंचित कडवटपणा. तो कडवटपणा टिकवण्यासाठीच तिला मीठ लावलेलं नसतं. एवढा संयम मला फार मोलाचा वाटतो.

सोडे हा या बाजाराचा उच्चभ्रू पदार्थ. कोळंबी सोलायची, डोकं-शेपूट काढायची, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून काढायचा आणि मग वाळवायची. सोललेल्या कोळंबीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे टोपलीभर मालाचे सोडे होतात ओंजळीत मावतील एवढे. भाव ऐकून दचकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पारख करताना पाठीची चीर उघडून पाहा. काळी रेघ राहिली असेल तर कामात घाई झाली. रंग नारिंगी-गुलाबी, पण सगळ्या दाण्यांचा अगदी एकसारखा भडक नसावा. नैसर्गिक रंगात उणे-अधिक असतंच. मग एक सोडा तोंडात टाकावा. आधी गोडी, मग खार, आणि चावत राहिलं की पुन्हा गोडी. ठाणे-कल्याणच्या सीकेपी घरांत सोड्याची खिचडी आणि सोड्याचे पोहे होतात, ते या दुसऱ्या गोडीसाठी. भिजवल्यावर सोडा पुन्हा फुगतो, चिरेतून उमलतो आणि शिजल्यावरही आपला चिवटपणा सोडत नाही. सगळं पाणी काढून घेतल्यावरही पदार्थात एवढा जीव राखणं, हे ज्या हातांनी केलं त्यांना किंमत मोजताना घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

खारवलेल्या मासळीची रीत अगदी वेगळी. सुरमई, मुशी, बांगडा यांच्या अंगात मांस जाड. नुसतं ऊन आतपर्यंत पोचायच्या आत ते नासेल. म्हणून मासा चिरून, साफ करून, जाड्या मिठाच्या थरांत दाबतात आणि मग वाळवतात. मीठ जाडंच का, हे समजून घेण्यासारखं आहे. बारीक मीठ लगेच विरघळून पृष्ठभाग आवळून टाकतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. जाडा खडा सावकाश विरघळतो, खोलवर जातो. ठाण्याच्या खाडीकाठी आगऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मिठागरं कसली, त्या मिठाचा हा सर्वांत समजूतदार वापर. तुकडा घेतल्यावर कापाची बाजू पाहा. आतलं मांस बाहेरच्याइतकंच घट्ट आणि एका रंगाचं हवं. वरच्या मिठाला गुलाबी झाक आली असेल तर तुकडा परत ठेवा. मिठातही तग धरणारे जिवाणू तो रंग आणतात. मुशी असेल तर नाक जवळ न्या. झोंबरा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर नको. आणि चांगली सुरमई मिळाली तर बोटाएवढा तुकडा भाजून तांदळाच्या पेजेबरोबर खा. अख्ख्या वाडग्याला चव पुरवण्याची ताकद एवढ्याशा तुकड्यात भरणं, हे मिठाच्या मात्रेचं पक्कं भान असल्याशिवाय होत नाही.

या सगळ्याला लागणारी जोड शेजारीच असते, तिच्याकडे वळल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधू नये. आमसुलं घ्यावीत. तीही वाळवणच, पण त्यांची तऱ्हा उलटी. मासळीतून रस काढून घेतात, आमसुलाला तो परत देतात. रातांब्याची साल त्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. पुटं जितकी जास्त तितकं आमसूल काळं, मऊ आणि आंबटात खोल. दोन बोटांत दाबल्यावर ते चिकटसर लागलं पाहिजे, चामड्यासारखं वाजता कामा नये. मिरची आणि गरम मसाले या दिवसांत गच्च्यांवर वाळतात आणि डंकावर कुटले जातात. आगरी मसाल्याचा ताजा वास आणि सुक्या बोंबलाचा जुना वास एका पिशवीत आले की अर्धा स्वयंपाक झालेला असतो.

आणि शेवटी ज्यांच्यापाशी हे सगळं ज्ञान आहे त्या मावश्या. त्यांच्याशी बोलण्यात संकोच करू नये. टोपलीकडे नुसतं पाहत उभं राहिलं तर त्याच म्हणतात, "हातान घेऊन बघ गो बाय." हे निमंत्रण खरं असतं. मोडून पाहिलेला बोंबील किंवा चावून पाहिलेला सोडा कुणी हिशेबात धरत नाही, कारण ज्याला चाखून कळतं तो पुढच्या वर्षी त्याच टोपलीशी येतो हे त्यांना ठाऊक असतं. विचारावं, माल कुठला, कधीचा. फाल्गुन-चैत्राचा माल असेल तर ती अभिमानाने सांगते, कारण तेव्हा ऊन तापलेलं आणि हवा कोरडी असते. वळवाच्या सरीत सापडलेला माल वेगळ्या ढिगात, वेगळ्या भावाने. माप भरल्यावर वरून घातलेले दोन बोंबील ती ढिगातून न पाहता उचलत नाही, निवडून घालते. देणाऱ्याची चोखंदळ नजर घेणाऱ्याच्या वाट्याला येते ती अशी.

घरी आणल्यावर एक दिवस पुन्हा उन्हात घाला, डोकी-पर कातरा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मग आषाढात, बाहेर धो धो पाऊस आणि बाजारात ताजी मासळी नावापुरती असताना, जवळा कोरडाच भाजून वांग्यात घाला किंवा बोंबील निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीशी कुटा, सोबत तांदळाची भाकरी. खाताना लक्ष द्या. बोंबलात वारा कळतो, जवळ्यात खळ्यावरचं ऊन, सुरमईत मीठ, सोड्यात पाठ चिरणाऱ्या बोटांची चिकाटी. या चार चवी निरनिराळ्या ओळखता आल्या की सुक्या मासळीला गरिबाचं किंवा अडचणीतलं खाणं म्हणणं तुमच्याकडून पुन्हा होणार नाही. ताज्या मासळीचं कौतुक आपण समुद्राच्या नावे करतो. सुक्या मासळीचं कौतुक माणसांच्या नावे करायला हवं, आणि कळव्याच्या बाजारात ती माणसं टोपलीच्या पलीकडेच बसलेली असतात.