‘बुधिया सिंग’ : थांबण्याचा अधिकार

पहाटेच्या मिस्सासाठी आम्ही चर्चचे दार उघडतो, तेव्हा समोरच्या रस्त्यावरून पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावत असतात. जालना हे राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ३ चे ठिकाण. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांत खाकी गणवेशाचे स्वप्न कसे जपले जाते, हे येथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. अशाच काही युवकांसमवेत आम्ही सौमेंद्र पाधी दिग्दर्शित ‘बुधिया सिंग : बॉर्न टू रन’ हा हिंदी चित्रपट अलीकडे पाहिला. तो ५ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे रिओ ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, प्रदर्शित झाला. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास आधीच लाभला होता. चित्रपट जुना झाला. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

कथा सत्य आहे. भुवनेश्वरच्या झोपडवस्तीतील बुधियाला दारिद्र्याने पिचलेल्या आईने आठशे रुपयांना एका फेरीवाल्याच्या हवाली केले होते. ज्युदोचे प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला आपल्या घरी आणले. एकदा शिवी दिल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला धावावयास लावून ते निघून गेले आणि काही तासांनी परतले, तो मूल अद्याप धावतच होते! पुढे २ मे २००६ रोजी, वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी, बुधिया पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर धावला. सात तास दोन मिनिटे लागली. देशाने टाळ्या वाजविल्या. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत तो कुपोषित, रक्तक्षयग्रस्त आणि हृदयावर ताण असलेला आढळला, व शासनाने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली.

चित्रपटाचे मोठेपण असे की, मनोज बाजपेयी यांनी उभा केलेला बिरंची खलनायकही नाही आणि संतही नाही. मुलाला घर, अन्न व माया देणारा हाच माणूस, धाव चालू असताना त्याने मागितलेले पाणी नाकारतो. प्रेम आणि महत्त्वाकांक्षा एकाच हृदयात कशी नांदतात, हे त्या प्रसंगात कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट दिसते. मयूर पाटोळे या बालकलाकाराचा निरागस चेहरा आणि बिरंचीच्या पत्नीच्या भूमिकेतील श्रुती मराठे यांचा संयत अभिनय यांचाही येथे उल्लेख करावयास हवा.

उणीव आहे ती उत्तरार्धात. बालकल्याण समिती आणि प्रशिक्षक यांचा झगडा सुरू होताच कथा दोन अहंकारांच्या कुस्तीकडे वळते. प्रेक्षक नकळत बिरंचीचा पक्ष घेतो आणि डॉक्टरांचा इशारा त्याला सत्तेची अडवणूक वाटू लागतो. वस्तुतः वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा कोवळी असते; सततच्या आघाताने तिला इजा पोहोचू शकते. उन्हातील अतिश्रमाने शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि शुद्ध हरपू लागली, तर तेथे जिद्द कामास येत नाही; देह तात्काळ थंड करणे हाच उपाय. देहाची ही बाजू चित्रपटात अधिक ठामपणे यावयास हवी होती.

चित्रपट संपल्यावर एका युवकाने विचारले, “फादर, पण त्याला स्वतःलाच पळायचं होतं ना?” प्रश्न रास्त होता. आम्ही त्यास उलट विचारले, “नाही पळत म्हणाला असता, तर त्याला जायला दुसरं घर होतं का?” तो गप्प झाला. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. ज्याला थांबता येते त्याचे धावणे हा खेळ. थांबल्यास ज्याची भाकरी किंवा माया हिरावली जाईल, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

हा प्रश्न ओडिशापुरता नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धाव चाचणीनंतर निदान चार मराठी तरुण दगावले. ती मुले अशक्त नव्हती. परंतु छातीत कळ आली तरी थांबणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे अंतर कमी झाले. आज पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते. अंतर घटले, अगतिकता घटली नाही.

ख्रिस्तसभा खेळाची वैरी नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचाच दृष्टान्त योजला आहे. परंतु कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२८९ वा परिच्छेद देहाच्या व क्रीडायशाच्या मूर्तिपूजेविरुद्ध सावध करतो, आणि व्हॅटिकनने जून २०१८ मध्ये काढलेल्या क्रीडाविषयक दस्तऐवजात प्रशिक्षक, पालक व प्रेक्षक या सर्वांनाच जबाबदार धरले आहे. स्वतःचा देह झिजविणे हा त्याग होऊ शकतो; दुसऱ्याचा देह झिजवून आपली कीर्ती वाढविणे हा त्याग नव्हे.

हे लिहिताना आमचे मन स्वच्छ नाही. गतवर्षी धर्मग्रामाच्या सणाला लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक मुलगा भर उन्हात अडखळू लागला, तेव्हा हातात शिट्टी घेऊन “थांबू नकोस!” असे ओरडणारे आम्हीच होतो. त्याने शर्यत पुरी केली आणि झाडाखाली बसून तो ओकला. सुदैवाने सावरला. बिरंचीने पाणी नाकारले त्या क्षणी आम्हांला तोच मुलगा आठवला.

पालकांनी हा चित्रपट मुलांसोबत अवश्य पाहावा आणि नंतर मुलांना बोलू द्यावे. आमच्या सणातील शर्यत यंदा सूर्य वर येण्याआधी होईल, वाटेत पाणी असेल, आणि जो मध्येच थांबेल त्यालाही इतरांइतकाच नाश्ता मिळेल.