जवारी ध्वनिवर्धकाची

नाद मोठा झाला म्हणजे तो चांगला झाला, अशी एक समजूत लाउडस्पीकरबरोबर आपल्याकडे आली आणि उत्सवाच्या मांडवापासून लग्नघरापर्यंत रूढ झाली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र घरगुती आहे. हल्ली नगर-संगमनेरकडील घरांतूनही एखादा मुलगा, एखादी मुलगी विजेची गिटार हाती घेते, ब्लूज आणि जुन्या रॉकच्या नादी लागते आणि दिवाळीला ॲम्प्लिफायर मागते. वडील दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, "किती वॅटचा?" हा प्रश्न पहिला नव्हे, असे मला सुचवायचे आहे.

सभेतला ध्वनिवर्धक हा निरोप्या असतो. वक्ता जे बोलला तेच त्याने दूरवर पोचवावे. पदरचे काही घालू नये. गिटारच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट निराळी. तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला निसटता स्पर्श करते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर झंकारू लागतात. शुद्धतावादी यंत्रज्ञ याला कदाचित बिघाड म्हणेल. गवई त्याला प्राण म्हणतो. ब्लूजमधली जवारी ॲम्प्लिफायरमधून येते. जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व त्यात असतात. त्यांच्यावर पेलवेल त्याहून अधिक भार पडला की लहरींचे शेंडे हळूहळू बोथट होतात, आणि मूळ स्वराभोवती नवे उपस्वर उमटतात. मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीच्या शेतांतून शिकागोला आला, तेव्हा तिथल्या गजबजलेल्या मद्यगृहांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. ती गरज होती. पण लहान यंत्राला ताणताना त्याचा जो खरखरीत गळा फुटला, तोच पुढे या संगीताचा गळा ठरला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. दौंड रस्त्यावरच्या अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत ते पाळले. या मौनी पुरुषाचा एक भक्त म्हणजे 'द हू' या अत्यंत कर्कश म्हणून गाजलेल्या इंग्रज वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड. 1972 साली तो समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. याच टाउनशेंडने 1965च्या सुमारास लंडनमधील जिम मार्शल या दुकानदाराकडे अधिक मोठ्या आवाजाच्या यंत्राचा हट्ट धरला. मार्शलने 1962 साली अमेरिकन फेंडर कंपनीच्या 'बेसमन'चा आराखडा समोर ठेवून आपला पहिला ॲम्प्लिफायर बनविला होता. आता शंभर वॅटचा आला. आठ स्पीकरांची एकच पेटी हमालांना उचलेना, म्हणून तिच्या दोन केल्या आणि एकीवर एक रचल्या. रॉकच्या रंगमंचावर दिसणारी ती सुप्रसिद्ध भिंत अशी उभी राहिली.

या भिंतीचे कळस म्हणजे 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर झालेला कार्यक्रम. सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. परंतु रसिकाने त्या नोंदीपेक्षा 1971 सालची 'हूज नेक्स्ट' ही तबकडी ऐकावी. तिच्यातल्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावात मेहेरबाबा आहेत आणि टेरी रायली हा अमेरिकन संगीतकारही. ऑर्गनची आवर्तने फिरत राहतात, पियानो येतो, ढोल येतात, गाणे सुरू होते. आणि मगच गिटार येते. तिचे मोजके, रुंद आघात ऐकताना वाटते, हीच ती भिंत. वास्तविक या तबकडीसाठी टाउनशेंडने मुख्यतः जो वाजविला, तो जो वॉल्शने भेट दिलेला 1959चा फेंडर 'बँडमास्टर' होता, दहा-दहा इंचांच्या तीन स्पीकरांचा, भिंतीच्या मानाने खेळणेच. मोठेपणा आवाजात नव्हता. आधी राखलेल्या जागेत होता. मौनाच्या उपासकाला हे साधले यात मला नवल वाटत नाही. त्या भिंतीने मात्र आपले मोल वसूल केले. टाउनशेंडच्या कानांवर कायमचा परिणाम झाला, हे त्याने स्वतःच सांगितले आहे.

तात्पर्य, खरेदीपूर्वी थोडे गणित ध्यानी घ्यावे. पन्नासाचे शंभर वॅट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. म्हणजे शंभर वॅटचे यंत्र दहा वॅटच्या केवळ दुप्पट मोठे. व्हॉल्वची जवारी तर भार दिल्यावरच लागते, आणि चाळीत शंभर वॅटवर भार देणे शेजारधर्माला धरून नाही. घरासाठी व्हॉल्वचे पाच वॅट पुष्कळ झाले. ते परवडत नसल्यास ट्रान्झिस्टरचे चांगले यंत्र घ्यावे. शाळेच्या सभागृहाला बारा इंची स्पीकरचे पंधरा-वीस वॅट पुरतात. मांडव मोठा असेल तर समोर मायक्रोफोन ठेवावा. फेंडरच्या घराण्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ, ब्लूजला मानवणारा. मार्शलचा मधल्या पट्टीत भरलेला, रॉकला शोभणारा.

दुकानात आपलीच गिटार न्यावी. प्रथम अगदी हळू छेडावे, मग जोराने. नंतर गिटारवरची कळ उतरवावी. आवाज निवळला आणि बोटांतला फरक कळला, तर यंत्र गुणी. परदेशी यंत्र आपल्या 230 व्होल्टचे आहे ना, हे पाहावे. आणि व्हॉल्वचे यंत्र स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

उरते ते मुलाच्या हातात. तंबोरा लावणारा बराच वेळ काही गात नाही, नुसता ऐकतो. ॲम्प्लिफायर घेणाऱ्यालाही पहिली काही मिनिटे तेवढेच करायचे असते.